मॉनिटरचा स्टँड डिझाइन करताना: सुरुवात खोलण्यापासून

पॅनेल (म्हणजे पडद्याचा भाग) धडधाकट आणि स्टँड मोडलेला, असे दोन-तीन मॉनिटर माझ्या टेबलाखाली कायम पडलेले असतात. मागच्या पावसाळ्यात एक बाई चोवीस इंची मॉनिटर रिक्षातून घेऊन आल्या. मानेच्या, म्हणजे स्टँडच्या उभ्या भागाच्या, मुळाशी एम-सील थापलेलं, त्यावर काळ्या चिकटपट्टीचे सात-आठ वेढे. पट्टी सोलून बघितलं तर प्लास्टिकच्या ज्या बुटक्या नळीत स्क्रू बसतो, ती उभी चिरलेली. भाग शेंगदाण्याएवढा, पण तो मानेच्या साच्यातच ओतलेला. म्हणजे बदलायची तर अख्खी मान बदलायची, आणि मान सुटी मिळत नाही. शेवटी पत्र्याची पट्टी काटकोनात वाकवून आतून आधार दिला. त्यात दोन तास गेले, आणि त्यांचे पैसे घेताना मलाच संकोच वाटला.

स्टँड डिझाइन करायला नव्याने बसणाऱ्यांनी दोन माणसं समोर ठेवावीत. पहिला दुरुस्ती करणारा. त्याच्याकडे वेळ असतो, हत्यारं असतात, सुटा भाग मात्र नसतो. दुसरा भंगारवाला. त्याच्याकडे हातोडा असतो आणि तुमच्या स्टँडसाठी फार तर अर्धं मिनिट. पहिल्याला भाग बदलता आला पाहिजे आणि दुसऱ्याला भाग वेगळे करता आले पाहिजेत. या दोघांच्या गरजा बऱ्याच ठिकाणी जुळतात. जिथे जुळत नाहीत तिथे काय करायचं, तेही पुढे येईलच.

उदाहरण साधं घेतलं आहे: साडेतीन किलोच्या पॅनेलसाठी, ठरावीक उंचीचा, फक्त पुढेमागे कलणारा स्टँड. लेझर कटिंग आणि बेंडिंग करणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तो होतो. भोसरी, अंबड, बुटीबोरी, तुम्ही असाल तिथे.

पहिली पायरी: जुना स्टँड फाडा

कागद-पेन्सिल नंतर. जुन्या बाजारातून किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडून दोन-तीन मेलेले स्टँड आणा. जमिनीवर जुनी चादर पसरा, मोबाइलवर घड्याळ लावा आणि खोला. किती प्रकारचे स्क्रू निघाले, किती वेळा हत्यार बदललं, कुठे जोर लावावा लागला आणि कुठे काहीतरी तुटलं, सगळं लिहून ठेवा. मग लोहचुंबक घेऊन भागांचे ढीग करा.

साधारण असं दिसेल. बेसच्या खाली कडी असलेला, चिमटीने फिरवायचा स्क्रू. ही कडी फार शहाणपणाची गोष्ट आहे, मनापासून दाद द्यावी अशी. त्यापुढे मात्र शहाणपण संपतं. बेसवर एबीएस जातीच्या चकचकीत प्लास्टिकचं झाकण, आत लोखंडी पत्रा, दोघांमध्ये प्लास्टिकच्या गाठी वितळवून केलेला जोड. खाली गोंदाने चिकटवलेले रबरी पाय. मानेत लोखंडी पट्टी आणि भोवती थेट तिच्यावरच ओतलेलं प्लास्टिक. भंगारवाला बेसवर हातोडा घालतो, झाकण फुटतं, पत्रा लोखंडाच्या ढिगात जातो. मानेवर दोन घाव घालून बघतो. प्लास्टिक लोखंड सोडत नाही. मान मिक्समध्ये, म्हणजे सरमिसळ ढिगात, जाते, आणि मिक्सला भाव नाही.

एक धोक्याची सूचना. उंची कमी-जास्त होणारा स्टँड असेल तर त्याच्या मानेत ताणलेली स्प्रिंग असते, बहुतेक वेळा पोलादी पट्टीची गुंडाळी. पॅनेलचं वजन तोलण्यासाठीच ती ताणलेली असते. त्यामुळे पॅनेल काढताक्षणी मान सटकन वर उसळते. तोंड वर नको, बोटं खाचेत नकोत. मान सगळ्यात वरच्या टप्प्यावर आणल्याशिवाय पॅनेल सोडू नका. मॉनिटर टेबलाला अडकवायच्या काही हातांमध्ये (मॉनिटर आर्म) गॅस स्प्रिंग असते, तिच्यात दाबाखालचा वायू असतो. ती कापायची नाही, तापवायची नाही, तशीच बाजूला काढून ठेवायची.

आपल्या पहिल्या स्टँडमध्ये स्प्रिंग नको, हा माझा सल्ला याच अनुभवातून. उंची बदलायचीच असेल तर मानेत २५ मिमी अंतराने भोकं पाडा आणि पॅनेल ज्यावर बसतं ती पट्टी हव्या त्या भोकांवर कसा. टेबलावर मॉनिटरची उंची माणूस वर्षातून एकदा बदलतो, तीही नवी खुर्ची आली तर.

दुसरी पायरी: तोल

पॅनेल साडेतीन किलो, त्याचा मध्य टेबलापासून ३५० मिमी वर. मान एक किलो, मध्य १५० मिमीवर. बेस दोन किलो, मध्य १० मिमीवर. तिघांचा मिळून गुरुत्वमध्य काढला तर साधारण २१५ मिमी येतो. उपकरण १० अंश कलवलं तरी पडू नये ही सुरक्षा-मानकांतली जुनी कसोटी आहे. १० अंशांचा टँजंट ०.१७६. २१५ गुणिले ०.१७६ म्हणजे जवळजवळ ३८ मिमी. गुरुत्वमध्याच्या पुढे आणि मागे बेस निदान एवढा हवाच. मी दुप्पट धरतो, कारण लोक मॉनिटरची बटणं चाचपताना त्याला ढकलत असतात, आणि घरात मांजर असतं.

नवशिके हमखास एक चूक करतात: बेसच्या कडेपासून मोजतात. स्टँड कलतो तो रबरी पायावर, कडेवर नाही. पाय कडेपासून १५ मिमी आत असतील तर ते १५ मिमी दोन्हीकडून गेले.

२५० बाय २०० मिमीचा, ५ मिमी जाड पत्रा घेतला तर वजन १.९६ किलो. म्हणजे एकाच कापलेल्या तुकड्यात बेस झाला. झाकण नाही, आतली वजनाची वीट नाही. पॅनेल मानेच्या पुढे येतं, म्हणून मान बेसच्या मध्यावर न बसवता थोडी मागे सरकवा.

तिसरी पायरी: सामान कमीत कमी प्रकारचं

लोखंडी पत्रा, पावडर कोटिंग. बस्स. कोटिंग भट्टीत जळून जातं, लोखंड परत लोखंड होतं. रंगवलेल्या किंवा क्रोम चढवलेल्या प्लास्टिकचं तसं होत नाही. तो थर वितळलेल्या मालात मिसळतो आणि माल बाद करतो.

प्लास्टिक वापरायचंच असेल तर एकाच जातीचं, न रंगवता, ज्या रंगात ओतलं त्याच रंगात. एबीएस आणि हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरिन दिसायला सख्खे भाऊ. घनताही इतकी जवळची, १.०५ च्या आसपास, की पाण्यात टाकून वेगळे करता येत नाहीत. एकाच स्टँडमध्ये दोन्ही असणं म्हणजे पुढच्या माणसाला कोडं घालणं. पॉलिप्रॉपिलिन तेवढं पाण्यावर तरंगतं.

थ्रीडी प्रिंटरवर स्टँड करण्याचा मोह सगळ्यांना होतो. नमुना म्हणून जरूर करा. पण त्या प्रिंटरमध्ये सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली वस्तू त्या तापमानाला पोचते. शिवाय पीएलएचा ढीग कोणताच भंगारवाला करत नाही.

स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत असं वाटतं, कारण गंज नको. थांबा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला लोहचुंबक जवळजवळ धरतच नाही. लोखंडी स्टँडला जस्ताचा मुलामा दिलेले साधे लोखंडी स्क्रूच बरे, ते चुंबकाबरोबर लोखंडाच्या ढिगात जातात. ॲल्युमिनियमच्या मानेत स्टेनलेस स्क्रू घालून तो स्टँड रत्नागिरी-मालवणला नेला, तर दुसरीच कटकट. खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतो. मग ड्रिल मारून काढायचा.

चौथी पायरी: जोड

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

सुरुवात पॅनेलकडून. मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार भोकं असतात, तो व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा ठरलेला सांचा: ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिमी, स्क्रू एम४ (म्हणजे ४ मिमी व्यासाचा). पहिला ८ किलोपर्यंतच्या पॅनेलसाठी, दुसरा १४ किलोपर्यंत. तुमच्या पट्टीवर दोन्ही सांच्यांची भोकं पाडा. पत्र्याला आठ भोकांचा खर्च जवळपास चार भोकांएवढाच येतो आणि स्टँड पुढच्या मॉनिटरलाही चालतो. वरची दोन भोकं किल्लीच्या भोकासारखी करा, वर गोल, खाली अरुंद. मग वरचे दोन स्क्रू अर्धवट लावून पॅनेल अडकवता येतं आणि खालचे दोन निवांत लावता येतात. नाहीतर एक हात पॅनेलला, एक स्क्रूला, आणि पेचकस दातात. स्क्रूची लांबी मात्र जपा. पट्टीच्या जाडीला मोजून घ्या, जास्त लांब स्क्रू पॅनेलच्या आतल्या भागांना जाऊन भिडतो.

स्वतःचाच खास जोड, स्वतःच्याच आकाराची खाच, असं काही करू नका. बाजारातल्या अनेक स्टँडांना तीच खोड आहे, आणि म्हणूनच स्टँड मोडला की चांगलं पॅनेलही अडगळीत जातं.

आता मान आणि बेस. एम६ मजबूत म्हणून घ्यावासा वाटतो, पण एम४ आणि एम५ या दोन्ही पसरट डोक्याच्या स्क्रूंना दोन नंबरचाच प्लस पेचकस लागतो, एम६ ला तीन नंबरचा. म्हणून पॅनेलला एम४, बाकी सगळीकडे एम५, मान-बेस जोडायला असे चार. बिजागरी सोडली तर एका पेचकसात अख्खा स्टँड सुटतो, आणि दोन नंबरचा प्लस प्रत्येक घरात फ्रिजवर किंवा देवघराच्या खणात सापडतोच.

एम५ चे आटे थेट मानेच्या ३ मिमी पत्र्यात पाडू नका. आट्यांमधलं अंतर ०.८ मिमी, म्हणजे चार आटेही पुरते मिळत नाहीत. दोन-तीनदा कसलं की आटे गेले. इथे तीन पर्याय राहतात. एक, वेल्ड केलेला नट. लोखंडावर लोखंड, भंगाराला काहीच अडचण नाही, पण आटे गेले की पंचाईत. दोन, प्लास्टिकच्या भागांत तापवून बसवतात तशी पितळी बुशी. दुरुस्तीवाल्याला ती देवासारखी, शंभरदा उघडा-लावा. भंगारवाल्याला मात्र डोकेदुखी, कारण प्लास्टिक दळताना पितळेचा गोळा पात्यांत येतो. तीन, सुटा चौकोनी नट, पत्र्याच्या घडीत सरकवलेला. घडीच्या भिंती त्याला फिरू देत नाहीत, त्यामुळे पाना लागत नाही, खराब झाला तर ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. मी तिसरा घेतो, प्लास्टिकच्या भागातही खाच ठेवून तसाच नट बसवतो. दुरुस्ती आणि भंगार यांचं भांडण इथे एका नटावर मिटतं.

प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू मी वापरत नाही. कारखान्यात ते एकदाच बसतात, म्हणून तिथे स्वस्त पडतात. घरी प्रत्येक वेळी नवा आटा पाडत थोडं प्लास्टिक खातात, आणि शेवटी त्या बाईंच्या मॉनिटरसारखी नळी चिरते.

चिमटीने दाबून बसणाऱ्या कड्या वाईट नसतात, पण कुठे दाबायचं ते बाहेरून दिसलं पाहिजे. एक छोटा बाण कोरा. नाहीतर माणूस पेचकस खुपसून अंदाजाने उचकतो आणि कडी मोडते.

गोंद, दोन्हीकडून चिकटणारी फोमची पट्टी, ओतलेलं रबर: काही नको. रबरी पायही भोकातून ओढून बसवायचे घ्या, शेंडी आत ओढायची आणि कापून टाकायची. पायांची उंची ६ मिमी तरी हवी, कारण एम५ च्या डोक्याला साधारण ४ मिमी लागतात आणि ते बेसच्या खाली असणार. वायरींसाठी मानेला दोन चिरा पाडा आणि वेल्क्रोची पट्टी ओवा. प्लास्टिकची नक्षीदार क्लिप पहिल्या वर्षीच तुटते, ती करण्यात वेळ घालवू नका.

पाचवी पायरी: बिजागरी

स्टँड थकतो तो इथे. पॅनेल हळूहळू मान टाकायला लागतं, लोक त्याच्या मागे दुमडलेला कागद कोंबतात. बहुतेक वेळा काहीही मोडलेलं नसतं, फक्त घर्षण कमी झालेलं असतं.

हिशेब असा. पॅनेलचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५० मिमी पुढे असेल तर साडेतीन किलोचा पीळ १.७ न्यूटन-मीटर भरतो. बिजागरीने याच्या दीडपट-दुप्पट धरलं पाहिजे. तीनवर ठेवा. त्याहून जास्त कसली तर पॅनेल कलवताना बेसच उचलला जातो.

रचना सोपी आहे. मानेचे दोन कान, पट्टीचे दोन कान, आरपार एम८ बोल्ट. कानांच्या मध्ये नायलॉनच्या चकत्या, बाहेर थाळीसारख्या खोलगट स्प्रिंग चकत्यांची जोडी, शेवटी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा). थाळीच्या चकत्या वगळू नका. नायलॉन दाबाखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं चेपत जातं. नुसत्या नटाखाली ते चेपलं की पकड गेली. थाळीची चकती तेवढी जागा स्वतः पसरून भरून काढते.

आणि आता या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: तो नट बाहेरून दिसला पाहिजे आणि त्याला पाना लागला पाहिजे. एम८ ला १३ चा पाना. पाव फेरा कसला की मान टाकणारा मॉनिटर पुन्हा ताठ. बाजारातल्या कितीतरी स्टँडांत हाच नट असतो, पण तो न उघडणाऱ्या कवचाआड गाडलेला. माणसं पाव फेऱ्यासाठी नवा मॉनिटर घेतात. (एका पेचकसाचा नियम इथे मोडला, हे कबूल. बिजागरी कसायला आणि सोडवायला हा पाना लागतो. बाकीचे भाग सुटे करायला पेचकसच पुरतो.) नायलॉकमधली नायलॉनची कडी पाच-सहा वेळा खोलून-लावून सैल होते, तेव्हा नट नवा टाका, हार्डवेअरच्या दुकानात सुट्टा मिळतो.

सहावी पायरी: खुणा आणि कायदा

बेसच्या पोटाशी लेझरने कोरून घ्या: किती स्क्रू, कोणत्या मापाचे, बिजागरीचा नट कोणता. पत्रा कापणाराच हे चार ओळी जास्तीचं काम करून देतो. स्टिकर नको. दहा वर्षांनी स्टिकर गेलेला असतो आणि त्यावरच्या क्यूआर कोडमागची वेबसाइटही.

प्लास्टिकच्या प्रत्येक भागावर त्याची जात लिहा. त्यासाठी आयएसओ ११४६९ हे मानक आहे, उलट-सुलट कोनी कंसांत प्लास्टिकचं लघुरूप. युरोपीय संघाचा २०१९/२०२१ हा नियम १ मार्च २०२१ पासून लागू आहे, आणि तुमचा माल तिकडे जाणार नसला तरी तो वाचण्यासारखा आहे. ५० ग्रॅमहून जड प्लास्टिक भागांवर, काही अपवाद सोडून, जात लिहिणं त्यात बंधनकारक आहे. डिस्प्लेच्या कवचात आणि स्टँडमध्ये हॅलोजनयुक्त (क्लोरीन, ब्रोमीनसारखी मूलद्रव्यं असलेले) अग्निरोधक घालायला मनाई आहे. स्टँडचं नाव घेऊन मनाई आहे, हे विशेष. ज्यात वीजच नाही त्यात अग्निरोधक कशाला? असं प्लास्टिक उघड्यावर जाळलं तर डायॉक्सिनसारखी विषं सुटतात, आणि आपल्याकडे भंगार उघड्यावर जळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच नियमात काही सुटे भाग सात वर्षं पुरवण्याची अट आहे, वीजपुरवठ्याचा भाग, जोडण्या, कपॅसिटर वगैरे. त्या यादीत स्टँड नाही. म्हणून तो बाजारात मिळणाऱ्या नट-पत्र्यातून करायचा.

आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रं घ्यायची, अशी त्यांची मुख्य घडी. तिचा हिशेब लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, सोनं अशा धातूंवर चालतो. स्वच्छ सुटणारं दोन-तीन किलो लोखंड त्या हिशेबात सरळ मोजता येतं, प्लास्टिकमध्ये अडकलेलं तितक्या सहज नाही.

सातवी पायरी: तपासणी

१ मीटर लांब फळी घ्या, एक टोक साडेसतरा सेंटिमीटर उचला, झाले १० अंश. स्टँड पॅनेलसकट त्यावर चारी दिशांना ठेवून बघा, खाली गादी हवी. मग पॅनेल काढून मानेच्या टोकाला तिप्पट वजनाची वाळूची पिशवी टांगून रात्रभर सोडा. सकाळी मान किती मिलिमीटर खाली आली ते मोजा. वीस वेळा खोला-लावा, एकाही स्क्रूचे आटे जाता कामा नयेत.

शेवटी तो ज्याने कधी पाहिला नाही अशा माणसाच्या हातात द्या. काही सांगू नका, मध्ये बोलू नका. हे सगळ्यात अवघड आहे.

माझा पहिला स्टँड मी आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याच्या हातात दिला आणि पेचकस आणि १३ चा पाना शेजारी ठेवला. स्टँड दिसायला नीटस दिसावा म्हणून मी बेसच्या खाली फेल्टचा (जाड, दाबलेल्या कापडाचा) तुकडा चिकटवला होता, स्क्रूची डोकी आणि कोरलेली अक्षरं झाकली जावीत एवढाच. त्याने स्टँड उलटा केला, काळं फेल्ट बघितलं, पेचकसाकडे बघितलंही नाही. दहाव्या सेकंदाला हातोडा उचलला. मी ओरडलो, फेल्ट टरकन सोलून दाखवलं. "अहो, मग हे वर कशाला लावलं?" त्याने विचारलं. दुसऱ्या खेपेला फेल्ट नव्हतं. त्याने अक्षरं वाचली नाहीत, पण चार चकचकीत डोकी दिसल्यावर पेचकस आपणहून उचलला, मग पाना, आणि दीड मिनिटात बेस, मान, पट्टी तिन्ही लोखंडाच्या पोत्यात गेले. पांढऱ्या नायलॉनच्या चकत्या तेवढ्या त्याने माझ्या हातात परत दिल्या.